ओपलबाईंचा बंदोबस्त

स्वयंपाकघराच्या मागच्या जाळीच्या दाराला भोक पडलं होतं. गुडघ्याच्या जरा वर, कोंबडीच्या अंड्याएवढं, एका बाजूला किंचित निमुळतं. त्याच्या कडेच्या सगळ्या तारा बाहेर, अंगणाच्या दिशेनं वाकल्या होत्या. जे काही त्या जाळीतून गेलं ते आतून बाहेर गेलं, हे तेवढ्यावरून कुणालाही कळलं असतं. पण त्या आठवड्यात ओपल ट्रेडवे यांच्या घरी जी माणसं आली, त्या सगळ्यांनी भोक पाहिलं आणि तारा मात्र कुणी पाहिल्या नाहीत.

भोक ओपलबाईंनीच पाडलं होतं. सकाळी जाळीवर गांधीलमाशी बसली होती, त्यांनी झाडू उलटा धरून दांड्यानं नेम धरला, माशी वाचली आणि जाळी गेली. दुपारी ठिगळ लावायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात मॅक्सीन आली. मॅक्सीन म्हणजे त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, फ्लॉइडची, धाकटी बहीण. ती ओढ्यापलीकडे राहायची आणि दिवसातून एकदा तरी काहीतरी परत करायला यायची. त्या दिवशी वाडगं होतं.

"ओपल, दाराला काय झालं गं?"

"गांधीलमाशी होती. मी झाडूचा दांडा..."

"गांधीलमाशी एवढं भोक पाडते?"

"माशीनं नाही, दांड्यानं पडलं."

"दांडा घेऊन आला होता?" मॅक्सीन वाडग्यासकट खुर्चीत बसली. "कोण होता? तोंड पाहिलंस?"

ओपलबाई हात धुऊन येईपर्यंत मॅक्सीननं भिंतीवरच्या फोनवरून कॅन्सस सिटी गाठली होती. "कर्टिस, तू घाबरू नकोस. तुझी आई ठीक आहे. पण धक्का बसलाय बिचारीला. सारखी गांधीलमाशीचंच बोलतेय."

कर्टिस हा ओपलबाईंचा एकुलता एक मुलगा. विमा कंपनीत लोकांच्या आयुष्यातले धोके मोजणं हेच त्याचं काम. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई, रस्त्यापासून आत घर, मागं जंगल, हे सगळं त्यानं मनात केव्हाच मांडून ठेवलं होतं. फक्त निमित्त हवं होतं.

"आई, आता दोनच वाटा. एक तर इकडं ये, गॅरेजवरची खोली तयार आहे. नाहीतर घरात नीट काहीतरी हत्यार ठेव. बाबांची बंदूक मी घेऊन आलो तेव्हाच मला टोचत होतं."

"कर्टिस, तारा बाहेरच्या बाजूला वाकल्या आहेत. म्हणजे..."

"तारांचं नंतर बघू. मी शनिवारी येतो. तोवर ठरव. नाही ठरलं तर सामान माझ्या गाडीत मावेल, काळजी करू नकोस."

ओपलबाईंना नेमकी तीच काळजी होती. गॅरेजवरची ती खोली त्यांनी पाहिली होती. करडा गालिचा, कोपऱ्यात एक जागच्या जागी चालवायची सायकल, आणि एकच खिडकी, तिच्यातून शेजाऱ्यांचं गॅरेज दिसायचं. इथं कुंपणाच्या खांबावर त्यांचा पर्जन्यमापक होता. रोज कॉफीचा कप घेऊन तिथवर जायचं, नळीतलं पाणी डोळ्यांच्या पातळीला आणून बघायचं, कोरडी असली तरी बघायचं. हयात जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली होती, सवय कुठली जाते. त्या खोलीत पर्जन्यमापक लावणार तरी कुठं, सायकलच्या दांडीला?

म्हणजे बंदूक निवडायला हवी होती. आणि निवडणं हीच ओपलबाईंची अडचण होती. पुरेशी मोजमापं हाती आल्याशिवाय त्या कशालाच हो म्हणत नसत. "विचार करून सांगते" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्यांचा विचार ऋतू बदलला तरी संपत नसे.

याचा सर्वांत मोठा चटका बसला होता तो जज प्रुएट यांना. निवृत्त न्यायाधीश, विधुर, उंचापुरे. वसंतात चर्चच्या सहलीला, मासे तळून होईपर्यंतच्या वेळात, ते ओपलबाईंशेजारी बसून म्हणाले होते, "ओपल, उरलेले दिवस एका छपराखाली काढायचे का? तुमच्या किंवा माझ्या. छपराबद्दल माझा आग्रह नाही."

"विचार करून सांगते," ओपलबाई म्हणाल्या होत्या.

"निकाल राखून ठेवला. समजलं," असं म्हणून जजनी त्यांना माशाचा तुकडा वाढला होता. पुन्हा विषय काढला नव्हता. उन्हाळाभर दर आठवड्याला ओपलबाईंच्या मागच्या ओसरीच्या कठड्यावर टोमॅटो दिसायचे, देठ खाली करून नीट मांडलेले. आता मक्याची कापणी सुरू झाली होती आणि निकाल अजून राखलेलाच होता. ओपलबाईंना माणूस आवडत नव्हता असं नाही. पण फ्लॉइडही आवडला होता. भला माणूस, मात्र चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं त्यांचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. जज ऐकून घेतात असा लौकिक होता, पण पगार घेऊन कोर्टात ऐकणं वेगळं आणि घरात फुकट ऐकणं वेगळं. याचं मोजमाप कसं घ्यायचं, ते ओपलबाईंना उमगत नव्हतं.

बुधवारी सकाळी त्या होबर्टच्या दुकानात गेल्या. दुकानात पुढं गळ आणि जिवंत गांडुळं, मागं बंदुका. ओपलबाईंच्या पर्समध्ये मोजपट्टी होती आणि फ्लॉइडचा मासे तोलायचा काटा.

"मिस ओपल, घराच्या बंदोबस्ताला पंप बंदूक घ्या," होबर्ट म्हणाला. तिकडं वयस्क बाईला, विधवा असली तरी, अशीच हाक मारतात. "झाडायचीसुद्धा गरज नाही. नुसता नळीखालचा दस्ता मागंपुढं सरकवल्याचा आवाज ऐकून चोर पळतो."

"मग नुसता आवाज मिळतो का?"

होबर्टनं जरा विचार करून नाही म्हटलं. ओपलबाईंनी बंदुकीला पट्टी लावली. "आमचा बोळ अरुंद आहे. ही घेऊन वळले तर आधी सासूबाईंचं काचेचं कपाट जाईल."

"कपाट हलवा की."

"फ्लॉइडच्यानं आयुष्यभर हललं नाही."

मग पिस्तूल आलं. त्याचा वरचा भाग मागं ओढावा लागायचा आणि ओपलबाईंच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेली काही वर्षं लोणच्याच्या बरणीपुढंही हार मानत होता. त्यांनी दोनदा जोर लावला. पिस्तूल जसंच्या तसं.

"आधीच ओढून, भरून ठेवायचं," होबर्ट म्हणाला.

"आणि नाताळात नातवंडं येतात त्याचं काय?"

होबर्टनं पिस्तूल जागेवर ठेवलं. त्यानंतर मॅक्सीननं आवर्जून सांगितलेलं छोटं रिव्हॉल्व्हर आलं, फिकट जांभळ्या मुठीचं, पर्समध्ये मावणारं. ते रिकामं असल्याची ओपलबाईंनी दोन वेळा खात्री केली, चापाला काट्याचा आकडा अडकवला आणि ओढला.

"बारा पौंड," त्या म्हणाल्या. "एवढं ओढेपर्यंत चोराला बसवून कॉफी द्यावी लागेल."

शेवटी होबर्टनं खालच्या कप्प्यातून एक जाडजूड रिव्हॉल्व्हर काढून फडक्यावर ठेवलं. "मग हा बघा. जज."

ओपलबाईंचा हात नकळत गळ्याशी गेला. "कोण?"

"जज. याचं नावच ते. कोर्टातली माणसं झग्याखाली बाळगायची म्हणतात. छर्ऱ्याचं काडतूसही चालतं, गोळीही चालते. हा जुना आहे, डॉटी मॅकेबचा. ती गेली तेव्हापासून पडून आहे. पण काय राखलाय बघा."

काट्यावर आकडा बरा आला. मूठ जरा जाड होती. ओपलबाईंनी ती बराच वेळ न्याहाळली, आणि होबर्टला वाटलं की त्यांना बंदूक आवडली. खरं तर त्या नावानंच त्यांची पंचाईत केली होती.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या. "उद्या येऊन एकदा झाडून बघते."

त्या संध्याकाळी चर्चमध्ये नेहमीचं बुधवारचं जेवण होतं. ओपलबाई अंगठा शेकत घरीच बसल्या. तिथं काय घडलं ते त्यांना मागाहून तुकड्यातुकड्यानं कळलं, ते असं.

होबर्टच्या पानात तळलेला मासा होता आणि समोर मॅक्सीन होती.

"आमच्या ओपलचं काय ठरलं रे?" तिनं विचारलं.

"जज," होबर्ट घास घोळवत म्हणाला. "जवळजवळ पक्कं आहे."

मॅक्सीनचा चमचा वाटेतच थांबला. त्या जिल्ह्यात जज एकच. "जज? ती तसं म्हणाली?"

"मीच पुढं केला. बाकीचे कुणी तिला झेपेनात. एक फार लांब, एक फार ताठ. हा जाडजूड आहे, पण बाईमाणसाला सांभाळता येण्यासारखा. घरी नेऊन ठेव म्हटलं दोन दिवस, नाही पटला तर परत आण."

"परत आण?"

"मग काय झालं? जुनाच तर आहे. आधीची बाई गेली तेव्हापासून पडून होता. पण तिनं राखला होता हां चांगला."

टेबलावरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. जजच्या पत्नीला, रूथला, जाऊन पाच वर्षं झाली होती आणि तिनं त्यांना चांगलं राखलं होतं याबद्दल दुमत नव्हतं. पाठीमागं बोलताना होबर्टच्या तोंडी सगळी दुनियाच एकेरीत असायची, राज्यपालसुद्धा. त्यामुळं संशयाला जागा उरली नाही.

"ठेवणार कुठं?" एकीनं हळूच विचारलं.

"पलंगाशेजारी," होबर्ट म्हणाला आणि लिंबू पिळायला लागला.

सकाळी मॅक्सीननं कॅन्सस सिटीला फोन लावला. पोराला हे बाहेरून कळण्यापेक्षा आत्याच्या तोंडून कळलेलं बरं, असा तिचा हेतू होता. इकडं कर्टिसनं दोन दिवस बंदुकांचीच माहिती वाचून काढली होती.

"कर्टिस, बसून ऐक. तुझी आई जज घरी आणतेय."

"अरे वा. चांगली निवड."

मॅक्सीनला ठसका लागला. "तुला चालेल?"

"मी तेच सुचवणार होतो आत्या. एकट्या बाईला असाच हवा. दणकट. नुसता दारात दिसला तरी माणूस आल्या पावली परत जाईल."

"पण वय बघितलंस का?"

"जुना असला तर काय बिघडलं? अधूनमधून तेलपाणी केलं की झालं."

शहरात राहून पोराच्या बोलण्यातली अदब गेली, एवढंच मॅक्सीनला वाटलं. बाकी मुलाचा आशीर्वाद मिळाला होता, आता गावानं मागं राहून चालणार नव्हतं. त्या भागात कुणाचं लग्न ठरलं की गावकरी एकेक पौंड जिन्नस घेऊन त्यांच्या दारी जातात. पौंडभर पीठ, पौंडभर साखर, पौंडभर लोणी. आधी सांगत नाहीत. सांगितलं तर मजा काय. मॅक्सीननं शनिवारची सकाळ ठरवली आणि ओपलबाई सोडून सगळ्यांना कळवलं.

गुरुवारी ओपलबाईंनी होबर्टच्या दुकानामागं मातीच्या बांधावर ठेवलेल्या डब्यावर जज झाडून पाहिला. डबा उडाला.

"काय नेम आहे, मिस ओपल!"

"नेम आहे, अंगठा गेला," ओपलबाई म्हणाल्या. "विचार करून सांगते."

शनिवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात गोठवलेल्या मटारांची पिशवी अंगठ्यावर धरून बसल्या होत्या. चारही बंदुका त्यांनी मनात पुन्हा एकदा तोलल्या. एकही कसोटीला उतरत नव्हती. कर्टिसची गाडी तासाभरात आली असती, आणि तिच्यात करड्या गालिच्यापर्यंतचा सगळा प्रवास होता. नळीतलं पाणीसुद्धा त्यांनी आज वाचलं नव्हतं.

मागच्या ओसरीवर बूट वाजले. जज प्रुएट आले होते. रविवारचा कोट शनिवारी घातलेला, एका हातात हॅट, दुसऱ्या हातात टोमॅटो. पण ते दार वाजवत नव्हते. टोमॅटो कठड्यावर ठेवून, चष्मा नाकावर खाली ओढून ते जाळीपुढं वाकले होते.

"हे बाहेरून झालेलं नाही," ते म्हणाले. "तारा अंगणाकडं वाकल्यात. आतून काहीतरी गोल, बोथट. झाडूचा दांडा?"

ओपलबाईंनी मटारांची पिशवी खाली ठेवली.

"गांधीलमाशी होती," त्या म्हणाल्या.

"बसली होती की उडत होती?"

हे त्यांना आठवडाभरात कुणी विचारलं नव्हतं. ओपलबाईंनी सांगायला सुरुवात केली. माशी जाळीवर कुठं होती, झाडू उलटा का धरला, नेम का चुकला, चुकल्यावर ती चौकटीवर बसून पाय कशी साफ करत होती आणि मग त्याच नव्या भोकातून आरामात बाहेर कशी गेली. जज जाळीपलीकडं हॅट धरून उभे होते. त्यांनी मधे एक शब्द काढला नाही. वाक्यं एकामागून एक शेवटपर्यंत गेली.

"भोकातूनच गेली?" जजनी शेवटी विचारलं.

"हो."

"मग काम झालंच म्हणायचं."

ओपलबाई हसल्या आणि त्यांनी दार उघडलं. जज आत आले, पण बसले नाहीत.

"मी दुसऱ्याच कामाला आलो होतो. काल न्हाव्याच्या खुर्चीत माझं अभिनंदन झालं. नंतर पोस्टात. ऐकीव पुरावा मी जन्मात धरला नाही, म्हणून थेट तुम्हालाच विचारतो. माझ्याबद्दलचा निकाल लागलाय का?"

"कोण म्हणालं?"

"मॅक्सीन म्हणते, होबर्टच्या दुकानात लागला."

ओपलबाईंच्या डोळ्यांपुढं फडक्यावरचं रिव्हॉल्व्हर आलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण खोटे आकडे सांगण्याची त्यांना सवय नव्हती. "जजसाहेब, होबर्टकडं एक रिव्हॉल्व्हर आहे. त्याचं नाव जज."

जजनी हॅट टेबलावर ठेवली.

"आधीची मालकीण गेल्यापासून पडून असलेला?" जजनी सावकाश विचारलं.

"डॉटी मॅकेबचा."

"आणि अधूनमधून तेलपाणी लागतं, तोही तोच?"

"तोच असावा."

जजचे खांदे हलायला लागले. आवाज न करता ते बराच वेळ हसले, मग रुमालानं चष्मा पुसला. चष्मा पुन्हा लावल्यावर मात्र चेहरा हसरा राहिला नव्हता. "ओळख पटवण्यात चूक. होतं असं. मी निघतो. फक्त त्याआधी एवढं सरळ करतो, नाहीतर ती माशी घरी परत येईल." त्यांनी गुडघे टेकले आणि खिशातल्या चाकूच्या पात्यानं एकेक तार हलक्या हातानं आत वळवायला सुरुवात केली.

त्याच वेळी पुढच्या अंगणात एकामागून एक गाड्या थांबल्या. दारं आपटली, कुजबुज झाली, कुणीतरी कुणाला गप्प केलं. पुढच्या दारातून कर्टिस आत आला. त्याच्या हातात लोणी होतं.

"आई, फाटकाशी एका बाईनं मला मिठी मारली आणि हे दिलं. बाहेर सगळं चर्च उभं आहे, प्रत्येकाच्या हातात पिशवी. चाललंय काय?"

"लाजतोस काय, सांग की तिला," त्याच्या मागून मॅक्सीन पिठाची पिशवी छातीशी धरून आत आली. तिला मागच्या दाराशी गुडघ्यावर बसलेले जज दिसले आणि तिचे डोळे भरून आले. "आणि हे तर गुडघ्यावर."

कर्टिसनं जजना नमस्कार केला, ते जाळी दुरुस्त करायला आलेत असं समजून आभार मानले, आणि आईकडं वळला. गाडी चालवून तो थकला होता, आणि आवाजात धाक कमी, काळजीच जास्त होती. "आई, मला एवढंच कळू दे. ठरलं का? आत्या म्हणाली, जज."

"मी तरी वेगळं काय सांगतेय सगळ्यांना?" मॅक्सीन म्हणाली.

मागं तारेचा बारीक आवाज थांबला. जज वळले नाहीत.

ढवळलेलं पाणी काचेच्या भांड्यात स्वस्थ ठेवलं की गाळ आपला आपण तळाशी बसतो. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, फक्त हात लावायचा नसतो. ओपलबाईंनी हे हजार वेळा पाहिलं होतं. वसंतापासून छातीत ढवळत असलेलं काहीतरी त्या क्षणी तसंच खाली बसलं, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की अंगठासुद्धा दुखायचा थांबला. जाळीतलं भोक आता करंगळीएवढं राहिलं होतं.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "मी जजच घेते. होबर्टकडचा तो नको, कर्टिस. हे."